सातावर नाव लागलं, बाराचं काय?

मेच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या अंगणात झेंडे उगवले. तळहाताएवढे, तारेच्या काडीला लावलेले. पिवळे गॅसच्या पाइपचे, लाल विजेचे, निळे पाण्याचे, नारिंगी फोन-इंटरनेटच्या केबलचे. मागचं लाकडी कुंपण हिवाळ्यात झुकलं होतं आणि त्याचे तीन खांब बदलायचे होते. कॅनडाच्या ऑंटारियो प्रांतात जमिनीत पहार घालण्याआधी खाली काय पुरलंय ते विचारावं लागतं. २०१२ पासून तसा कायदाच आहे. ऑंटारियो वन कॉलकडे कळवलं की माणसं येऊन खुणा करून जातात. पैसे पडत नाहीत.

आमचं घर मिसिसागा शहराच्या मेडोव्हेल भागात आहे. १९७० च्या दशकात वसलेली वस्ती, एका भिंतीनं शेजारघराला जोडलेलं दुमजली घर, खाली बेसमेंट. ऑक्टोबरात वकिलाकडून किल्ल्या मिळाल्या. एप्रिलच्या शेवटी आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले. बाबा सातारा जिल्ह्यात तलाठी म्हणून लागले आणि मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झाले. घरभर फिरून झाल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच : "सातावर नाव लागलं. बाराचं काय?"

शहरातल्या वाचकांसाठी सांगते. सातबारा हा एक कागद असला तरी ते दोन नमुने आहेत. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख. जमीन कुणाच्या नावावर, तिच्यावर बोजा कुणाचा, ते त्यात. गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंदवही. त्या जमिनीत कुठल्या हंगामात काय पिकलं, ते त्यात. सात सांगतो जमीन कुणाची. बारा सांगतो तिथं काय चाललंय.

झेंडे आले त्या सकाळी आई नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडायला गेली होती. बाबा चहा घेऊन मागच्या पायरीवर बसले होते. तिथं सुरू झालेलं बोलणं दोन दिवस पुरलं. आठवतं तसं लिहिते, कारण परदेशात घर घेतलेल्या कितीतरी मराठी घरांत हाच वाद वेगवेगळ्या शब्दांत चालू असतो.

हद्द

बाबा : तुझी हद्द कुठून कुठवर?

मी : तोंडाला ३० फूट, खोली १२० फूट. रस्त्याकडेची हिरवळीची पट्टी मात्र शहराची. गवत आम्ही कापायचं, जमीन त्यांची. त्या पट्टीतला मेपलही त्यांचाच. त्याला आपण कुऱ्हाड लावायची नाही.

बाबा : म्हणजे ३,६०० चौरस फूट. सव्वातीन गुंठ्यांच्या थोडं वर.

मी : तुम्ही अजून गुंठ्यातच मोजता.

बाबा : तेहेतीस फुटांची साखळी, तेहेतीस गुणिले तेहेतीस, १,०८९ चौरस फुटांचा गुंठा. आयुष्य त्यात गेलं. दुसऱ्या मापात जमीन डोळ्यांपुढं येत नाही.

मी : मग ऐका. इथले जुने रस्ते आखले तेव्हा रस्त्यासाठी ६६ फूट जागा सोडली. इंग्रजांच्या साखळीची ती एक लांबी.

बाबा : आणि आपली त्याच्या निम्मी. दोन्हीकडे साखळी घेऊन गेलेला साहेब एकच की! बरं, कागद कसा आहे?

मी : कागद पक्का आहे. प्रत्येक मिळकतीला नऊ आकडी क्रमांक. मालक कोण, गहाण कुणाकडे, सगळं सरकारी नोंदीत. आणि मालकीची हमी सरकार देतं. १८८५ पासून ही पद्धत ऑंटारियोत आहे.

बाबा : हा फरक मोठा आहे. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव आहे म्हणजे मालकी सिद्ध झाली असं नाही. महसूल संहितेचं कलम १५७ एवढंच म्हणतं, की उलट सिद्ध होईपर्यंत नोंद खरी धरायची. त्या 'होईपर्यंत'मध्ये दोन-दोन पिढ्या कोर्टात गेलेल्या मी पाहिल्यात. बोजा किती?

मी : २५ वर्षांचं कर्ज. पण व्याजदर पाच वर्षांपुरताच ठरलेला, मग पुन्हा नव्या दरानं करार. २०२२ च्या मार्चच्या सुरुवातीला मध्यवर्ती बँकेचा दर पाव टक्का होता, २०२३ च्या जुलैत तो पाच टक्के झाला. ज्यांचे करार त्यानंतर बदलले त्यांचे हप्ते कसे वाढले ते मी ओळखीच्या घरांत पाहिलंय. म्हणून सांगते, आपलं घर वगैरे ठीक आहे, पण मी इथं आंब्याची बाग लावायला बसलेले नाही. पाच वर्षांनी बघू.

बाबा : पाच वर्षांनी बघू म्हणणारा माणूस आजचं पाणी कसं देणार?

नोटीस

मी : बाबा, तुम्हाला वाटतं मी कागदालाच कवटाळून बसलेय. त्याला कारण आहे. मागचं भाड्याचं घर आठवतं?

बाबा : व्हिडिओ कॉलवर पाहिलं होतं. पुदिना लावला होतास तिथं.

मी : तीन वर्षं राहिलो. भिंती आम्ही रंगवल्या. अंगणात पुदिना, चार वाफे कांद्याची पात. शेजारच्या तिन्ही घरांत येणं-जाणं. पोराची शाळा चालत सात मिनिटांवर. तुमच्या भाषेत बारा भरलेला होता. एका जूनमध्ये मालकाचा कागद आला. त्याला घर स्वतःच्या राहण्यासाठी हवं होतं. कायद्यानं त्यानं ६० दिवसांची मुदत द्यायची आणि एका महिन्याचं भाडं भरपाई म्हणून. दोन्ही दिलं, काही चुकीचं केलं नाही. पण पोरगा विचारत होता, मी काय केलं म्हणून आपल्याला जायला सांगितलं? त्या दिवशी तीन वर्षांची वहिवाट कामाला आली नाही. फक्त कागद बोलला, आणि तो दुसऱ्याच्या नावाचा होता.

बाबा : (बराच वेळ गप्प राहून) हे तू तेव्हा सांगितलं नव्हतंस.

मी : काय सांगणार? ऑक्टोबरात किल्ल्या मिळाल्या त्या रात्री आम्ही जमिनीवर गाद्या टाकून झोपलो. घरात एक खुर्ची नव्हती. पण आता उठ म्हणणारं कुणी नाही, एवढ्यावर मला जी झोप लागली ती नऊ वर्षांत लागली नव्हती. त्या झोपेची किंमत मी कमी होऊ देणार नाही.

बाबा : होऊ नको देऊस. सात लागतोच. मी एवढंच विचारतो, तिथं थांबायचं का?

कॉक

मी : थांबलेय कुठं? रोज काहीतरी असतंच. फर्नेसचा फिल्टर बदलायचा, नाहीतर घरभर धूळ फिरते. प्रत्येक मजल्यावरच्या धुराच्या अलार्मची बॅटरी बघायची. पानगळीत छताच्या पन्हाळी साफ करायच्या, नाहीतर पाणी भिंतीच्या पायाशी साठतं आणि बेसमेंट ओलं होतं. ओल्या कचऱ्याचा डबा दर आठवड्याला बाहेर, बाकीचे आलटून पालटून. पाणी तापवायची टाकीसुद्धा आमची नाही, भाड्याची आहे. घराबरोबर तिचं दरमहा बिलही माझ्याकडे आलं. इथं बऱ्याच घरांत तसंच असतं. एवढं सगळं करते, तरी तुम्ही म्हणता बारा कोरा.

बाबा : ही यादी झाली. वहिवाट वेगळी. मला नळाचं सांग. आई सांगत होती काहीतरी फुटलं म्हणून.

मी : सांगते. घराबाहेर भिंतीत नळ असतो, बागेला पाणी द्यायला. नोव्हेंबरात त्या नळाचा आतला कॉक बंद करायचा आणि बाहेरचा उघडून पाइपमधलं पाणी काढून टाकायचं. मला हे माहीतच नव्हतं. जानेवारीत पाइपमधलं पाणी गोठलं, बर्फ झाल्यावर फुगलं आणि भिंतीच्या आत पाइप चिरला. पण कळलं कधी? एप्रिलमध्ये. बर्फ आत असेतोवर गळती नाही. बर्फ वितळल्यावर थोडं झिरपलंही असेल, पण आतली बाजू गच्च बसवलेल्या लाकडामागे, कुणाच्या नजरेला काही येईना. पहिल्या उबदार शनिवारी मी बागेचा पाइप जोडून नळ सोडला आणि दोन मिनिटांत बेसमेंटमधून पोराची हाक आली. भिंतीतून पाणी येत होतं.

बाबा : मेन कॉक बंद करायचा ना.

मी : मेन कॉक कुठं आहे हेच मला माहीत नव्हतं. सहा महिने राहत होते मी त्या घरात. कर्जाचे कागद कुठल्या कप्प्यात आहेत ते झोपेतही सांगितलं असतं. कॉक ठाऊक नव्हता. मी शेजारी धावले. पोलिश आजोबा राहतात तिथं, चाळीसेक वर्षांपासून. तोवर आमचं बोलणं हात हलवण्यापलीकडं गेलं नव्हतं. ते चपलांवर आले, एक शब्द न विचारता जिना उतरले, वळून थेट समोरच्या भिंतीकडे गेले, जुन्या फळीमागे हात घातला आणि कॉक फिरवला.

बाबा : त्यांना तुझ्या घरातला कॉक कसा माहीत?

मी : जोडघर ना. त्यांचं घर आमच्या घराची आरशातली प्रतिमा. त्यांचा कॉक डावीकडे, आमचा उजवीकडे.

बाबा : बघ. तुझ्या घराची माहिती तुझ्यापेक्षा शेजारच्याला जास्त. नाव तुझं आणि वहिवाट त्यांची. मला काय म्हणायचंय ते याहून नीट मला सांगता येणार नाही. तू करतेस ती कामं तारखा बघून करतेस, घर चुकू नये म्हणून. घराशी ओळख व्हावी म्हणून काय केलंस? त्या आजोबांना जेवायला बोलावलंस?

मी : इथं तसं चालत नाही, बाबा. लोक अंतर ठेवून राहतात आणि मला ते अंतर आवडतं. आपल्या गावात कोण कधी आलं, भाजी काय केली, सगळं सगळ्यांना ठाऊक. त्यातून बाहेर पडायला मला मोकळं वाटलं होतं.

बाबा : अंतर ठेव. बांध असावाच. बांध नसलेल्या शेतात भांडणं जास्त. पण बांधावर उभं राहून बोलतातही.

खुद्द

मी : आता मी एक विचारते. तुम्ही बाराचं एवढं सांगता. आजीचं नाव सातावर कधी लागलं?

बाबा : (चहाचा कप खाली ठेवून) तुझे आजोबा गेल्यावर. वारसनोंदीत.

मी : तेव्हा ती सत्तरीची होती. पंधराव्या वर्षापासून त्या शेतात राबली. पेरणी, खुरपणी, काढणी, गुरं. बारा तिनं भरला, पन्नास वर्षांहून जास्त. आणि नाव लागायला तिला विधवा व्हावं लागलं. बाराच्या नमुन्यात जमीन करणाऱ्याच्या नावाचा रकाना असायचा, तुम्हीच सांगितलंय. तिथं काय लिहिलेलं असायचं?

बाबा : खुद्द.

मी : खुद्द म्हणजे कोण?

बाबा : ज्याचं नाव सातावर, तो.

मी : म्हणजे आजोबा. आजी दोन्हीकडे नाही.

बाबा : आपल्या शेताची नोंद माझ्या हातात नव्हती. पण दुसऱ्यांच्या आयांच्या बाबतीत तेच मी लिहिलं. बांधावर उभा राहायचो, समोर बाई वाकून खुरपत असायची आणि मी रकान्यात 'खुद्द' लिहून पुढच्या गटाकडे जायचो. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, बायकोच्या नावावर जमीन करा म्हणून. तेव्हा काही जण अर्ज घेऊन आले. ते फेरफार, नावबदलाच्या नोंदी, मी आनंदानं केले. पण आपल्या घरात तो अर्ज निघाला नाही.

मी : म्हणून या घराच्या कागदावर माझं नाव पहिलं आहे. नवऱ्यानंच आग्रह धरला. नुसतं राबणाऱ्याचं काय होतं हे मला आजीनं दाखवलंय. आणि फक्त आजीच नाही. या शहराचं नाव ज्यांच्यावरून पडलं त्या मिसिसागा लोकांचं बघा. ही मेडोव्हेलची जमीन त्यांची. पलीकडं क्रेडिट नदी वाहते, तिच्या काठानं त्यांची मासेमारी, त्यांची शेती. १८१८ मध्ये इंग्रजांशी करार झाला आणि ६,४८,००० एकर गेली. बदल्यात दरवर्षी ५२२ पौंड १० शिलिंगांचा माल. १८४७ मध्ये उरलेले लोकही नदी सोडून दूर दक्षिणेला गेले. पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट होती, बाबा. कागद दुसऱ्यांनी केला.

बाबा : म्हणजे आपण बसलोय त्या पायरीखालच्या जमिनीच्या फेरफारात ती नोंद सगळ्यात तळाशी आहे.

मी : हो. म्हणूनच म्हणते, ज्याच्याकडे कागद नाही त्यानं वहिवाटीवर विसंबू नये.

बाबा : तुझं खरं आहे. वहिवाट कागदाच्या आधाराशिवाय टिकत नाही. मी उलट बाजू पाहिली म्हणून ती धरून बसलो. मुंबईला राहणारे मालक, सातावर नाव, दहा-दहा वर्षं शेत पडीक. बाराला 'पड' लिहायचो. विहिरी बुजलेल्या, बांध वाहून गेलेले. ते लोक कधी गावात आले तर स्वतःच्या शेताची वाट दुसऱ्याला विचारायचे. त्यांचा कागद कुणी हिसकावला नाही, पण शेत त्यांना ओळखत नव्हतं. तुझं तसं होऊ नये एवढंच मला वाटतं.

हंगाम

दुसऱ्या दिवशी व्हिक्टोरिया डेच्या सुट्टीची तयारी सुरू झाली होती. २५ मेच्या आधीचा सोमवार. टोरांटोच्या आसपास तोवर दहिवर पडायची भीती सरते, म्हणून लोक त्या सुट्टीला रोपं लावतात. नर्सरीतून वांगी, मिरची, टोमॅटोची रोपं आणली. कोथिंबिरीला आईनं किराण्यातले धणे चिरडून ठेवले.

मी : बाबा, माझी अडचण रोपांची नाही. पाच वर्षांनी हप्ता परवडेल का, नोकरी इथंच राहील का, पोरगा मोठा झाल्यावर आम्ही परत येऊ का, काही माहीत नाही. तुम्ही मुळं धरायला सांगता. ज्याला कायमचं म्हणता येत नाही तिथं मुळं कशी धरायची?

बाबा : मी मुळं म्हणालो का? बारा म्हणालो. बारा कायमचा कधीच लिहीत नाहीत, बाळ. खरिपाला खरिपाचं, रब्बीला रब्बीचं. पुढच्या वर्षी शेत राहील का, असं तलाठी विचारत नाही. या हंगामात काय उभं आहे, एवढंच विचारतो. सात कायमचा असतो, म्हणून त्याची भीती वाटते. बारा हंगामापुरता. तो भरायला कुणालाच परदेश नाही.

मी यावर काही बोलले नाही. नऊ वर्षं मी स्वतःला विचारत होते, की आपण इथले आहोत का. त्याचं उत्तर सापडत नव्हतं म्हणून घर सहा महिने जपून वापरत होते, पाहुण्यासारखं. या हंगामात इथं काय उभं आहे, एवढ्याचं उत्तर मात्र मला देता येत होतं.

शनिवारी खांब बसवायला घेतले. इथं जमीन चार फुटांपर्यंत गोठते, म्हणून खांब तेवढा खोल गेला पाहिजे. वरवर रोवला तर गोठणारी माती त्याला दर हिवाळ्यात थोडा थोडा वर ढकलते. आमचं कुंपण त्यामुळंच झुकलं होतं. दोन फुटांवर काळी माती संपली आणि राखाडी, चिकट, गार माती लागली. पहारीला चिकटून येई, झटकली तरी सुटेना. पलीकडून पोलिश आजोबा खड्डे खणायचं दोन दांड्यांचं हत्यार घेऊन आले. कुंपण दोन्ही घरांचं, तेव्हा लाकडाचा खर्च अर्धा अर्धा त्यांनीच ठरवून टाकला. मी बाबांना सांगितलं, की कुंपणाच्या भांडणांसाठी ऑंटारियोत लाइन फेन्सेस अ‍ॅक्ट नावाचा जुना कायदाच आहे. बाबा म्हणाले, असणारच. बांध तिथं भांडण.

पण त्या दोघांचं भांडण होण्यासारखं काही नव्हतं. एकाला मराठी-हिंदी, दुसऱ्याला पोलिश आणि बेताची इंग्रजी. बाबांनी टेपचं एक टोक धरलं, आजोबांनी दुसरं. घराच्या कोपऱ्यापासून मागच्या जुन्या खांबापर्यंत दोरी ताणली. बाबांनी एक डोळा मिटून दोरीवरून नजर टाकली आणि बोटभर डावीकडे, असं हातानं दाखवलं. आजोबांनी पाणसळ लावून पाहिली आणि मान डोलावली. दुपारी आईनं सगळ्यांना मागच्या पायरीवरच पिठलं-भाकरी वाढली. मी बोलावलं नव्हतं. ते कामाला आले होते, जेवायची वेळ झाली होती, ते जेवले.

संध्याकाळी बाबांनी पोराची एक कोरी वही मागून घेतली. पट्टीनं रकाने आखले : हंगाम, काम, जागा, करणाऱ्याचे नाव. पहिली ओळ त्यांनी मागची घातली. 'रब्बी. बाहेरच्या नळाचा आतला कॉक बंद करणे. राहून गेले. पाइप फुटला.' मी म्हटलं, चूक कशाला लिहायची? ते म्हणाले, नोंद म्हणजे नोंद. पुढच्या नोव्हेंबरात हीच ओळ तुला आठवण करील.

दुसरी ओळ : 'खरीप. कुंपणाचे तीन खांब, चार फूट खोल.' चौथ्या रकान्यापाशी ते थांबले.

"आता शेतकरी पिकाची नोंद स्वतःच मोबाइलवर करतो," ते म्हणाले. "ई-पीक पाहणी. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून. तलाठ्याची वाट बघायची नाही. पण ही ओळ मला लिहू दे."

मला वाटलं ते सवयीनं 'खुद्द' लिहितील. त्यांनी पेन उचललं आणि मला विचारलं, "तुझं पूर्ण नाव सांग. कागदावर आहे तसं."

मी सांगितलं. त्यांनी ते रेषेला धरून सावकाश लिहिलं. खाली पोलिश आजोबांचं नाव लिहायचं होतं. तेव्हा लक्षात आलं की ते मला नीट माहीत नाही. मी वही घेऊन कुंपणापाशी गेले आणि त्यांना हाक मारली.